वुडविंडचे महाविद्यालयीन शिक्षण : आधी शेजारी कोण बसणार ते पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कन्या अकरावीत शिकते, सहा वर्षे क्लॅरिनेट वाजवते, ट्रिनिटी या परीक्षासंस्थेची पाचवी ग्रेड उत्तीर्ण झाली आहे, आणि गेल्या दोन वर्षांपासून बासरीचीही तालीम घेते. बारावीनंतर संगीत महाविद्यालयात वुडविंडचेच (क्लॅरिनेट, फ्लूट यांसारख्या फुंकवाद्यांचे) शिक्षण घ्यावे असे तिच्या मनात आहे. ते मुंबईत होईल का, परदेशी जायचे झाल्यास तयारी केव्हापासून करावी, दोन वाद्ये चालू ठेवावीत की एक सोडावे, आणि एवढे सगळे करून पुढे पोटापाण्याचे काय, असे आपण विचारले आहे. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवण्यात आणि शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर लिहितो. मात्र कोणते महाविद्यालय चांगले, या प्रश्नाकडे वळण्याआधी तिथे नेमके काय मिळते हे स्पष्ट व्हायला हवे, कारण बहुतेक पालक पदवीच्या नावावरून निवड करतात आणि वुडविंडच्या बाबतीत तो निकष फारसा कामाचा नाही.

मुंबईत चांगला शिक्षक मिळाला, तर क्लॅरिनेटची आठवी ग्रेड आणि त्यापुढची एटीसीएल किंवा एलटीसीएल ही पदविका शिकवणीच्या बळावर मिळवता येते, हे आधी सांगतो. फुंक, जिभेचा वापर, बोटांची सफाई, स्वरलिपी वाचणे या गोष्टींसाठी महाविद्यालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिकवणीतून मिळत नाहीत ते सहवादक. सिम्फनी ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनच्या गटात चौदा-सोळा जण एकच ओळ वाजवतात. एकाचा सूर किंचित हलला तरी तो गटात झाकला जातो. क्लॅरिनेट, ओबो, फ्लूट आणि बसून (bassoon, खर्जातले वुडविंड वाद्य) यांचे तसे नसते. ही वाद्ये सहसा दोन-दोन असतात आणि त्या दोघांचीही ओळ वेगवेगळी असते. आपली ओळ वाजवणारे आपण एकटेच. त्यामुळे वुडविंड वादकाचे खरे शिक्षण शेजारच्या ओबोकडे कान ठेवून आपला स्वर कुठे, केवढा आणि कोणत्या रंगाचा लावायचा हे ठरवण्यात होते, आणि एकट्याने खोलीत बसून ते होत नाही.

एक उदाहरण बारकाईने सांगतो. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न अशा पाच जणांचा विंड क्विंटेट सी मेजरची कॉर्ड (सा, ग, प हे स्वर एकत्र) लांबवून धरतो आहे असे समजा. बसूनकडे पांढरी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, म्हणजे सीचा) षड्ज आहे, हॉर्नकडे पंचम आहे आणि क्लॅरिनेटच्या वाट्याला गंधार आला आहे. क्लॅरिनेटवादकाने ट्यूनरचा काटा बरोबर मधोमध ठेवून तो गंधार लावला, तर कॉर्ड कडवट ऐकू येते, कारण पियानोचा किंवा हार्मोनियमचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तेवढा तो उतरवावा लागतो. त्यासाठी ओठांची पकड किंचित सैल करावी लागते किंवा उजव्या हाताची एखाददुसरी बोटे अधिक ठेवून छिद्रे झाकावी लागतात. उतरलेला गंधार बसला की पाचही वाद्यांचा आवाज एकदम भरीव होतो. पण पुढच्या मात्रेला कॉर्ड बदलते, तोच स्वर आता कुणाचा तरी पंचम होतो, आणि उतरवलेला सूर ताबडतोब वर आणावा लागतो. महाविद्यालयातील सरावाचे कितीतरी तास या एवढ्याशा हालचालीवर खर्च होतात.

इथे आपल्या मुलीकडे एक भांडवल आहे, त्याची कदाचित तिला जाणीवही नसेल. बासरीच्या तालमीत ती तंबोऱ्यासमोर बसते. उत्तम मिळवलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा उतरलेला, शुद्ध गंधार होय. युरोपातल्या विद्यार्थ्याला हा स्वर समजावून सांगावा लागतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो ओळखीचा असतो. मात्र तंबोऱ्याच्या संगीतात षड्ज जागचा हलत नाही आणि ऑर्केस्ट्रात तो दर मात्रेला जागा बदलतो, म्हणून ओळखीचा गंधार अनोळखी ठिकाणी शोधण्याची सवय वेगळी करावी लागते. ती सवय आतापासूनच सुरू करता येईल. तंबोऱ्याचा ॲप पांढरी एकवर लावून क्लॅरिनेटवर सावकाश गंधार धरावा, मग तोच स्वर न हलवता ॲप पांढरी एकऐवजी पांढरी सहावर न्यावा, आणि आता पंचम झालेला तो स्वर किती वर सरकवावा लागतो ते ऐकावे. क्लॅरिनेट बी फ्लॅटचे, म्हणजे काळी पाचचे वाद्य असल्यामुळे कागदावरचा सी वाजवला की प्रत्यक्षात बी फ्लॅट ऐकू येतो, हे ती जाणतेच. पांढरी एकच्या षड्जासाठी तिला डी मेजर लिहावा लागेल, काळी एकसाठी ई फ्लॅट मेजर. हे स्थलांतर डोक्यात झटकन व्हावे, अशी अपेक्षा प्रत्येक महाविद्यालयात असते आणि मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये तर त्याहून जास्त असते.

आता मुंबईचे पाहू. बासरीसाठी इथे मार्ग भक्कम आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षा बासरीवर देता येतात आणि पुढे अलंकार आहे. मुंबई विद्यापीठात आणि एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभाग आहेत. त्या त्या वर्षी कोणते वाद्य मुख्य विषय म्हणून उपलब्ध आहे आणि शिकवणारे कोण आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. पंडित हरिप्रसाद चौरसियांचे वृंदावन गुरुकुल जुहूला आहे, तिथली पद्धत परीक्षेची नसून गुरूजवळ राहून शिकण्याची आहे. पाश्चात्त्य वुडविंडमध्ये मात्र पूर्णवेळ पदवी, आठवड्याला स्वतंत्र धडा, रोजचा ऑर्केस्ट्रा आणि क्विंटेट हे सगळे एका छताखाली देणारे शासकीय महाविद्यालय मुंबईत नाही. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या परीक्षा घेणाऱ्या संस्था आहेत, शिकवणाऱ्या नव्हेत. हा फरक पालकांच्या बोलण्यात अनेकदा पुसला जातो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि त्याची स्वतःची संगीत अकादमीही आहे. तिथे ऑर्केस्ट्रातील क्लॅरिनेटवादकाकडून अधूनमधून मार्गदर्शन मिळण्याची सोय होते का, हे मी आपल्या जागी असतो तर सर्वात आधी विचारले असते. नौदलाची संगीत शाळा कुलाब्याला आयएनएस कुंजालीवर आहे आणि तिथे घडलेले निवृत्त बँड्समन शहरात शिकवण्या घेतात. त्यांच्या शिकवण्यात लालित्य कमी असेल, पण वाचन आणि शिस्त यांत त्यांचा हात धरणारे थोडे.

परदेशाचा विचार असेल तर वेळ वाटते त्यापेक्षा कमी आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक प्रमुख कॉन्झर्वेटॉयर्सचे (संगीत महाविद्यालयांचे) अर्ज यूकास कॉन्झर्वेटॉयर्सच्या एकत्रित व्यवस्थेतून जातात आणि त्यांची मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. म्हणजे बारावीनंतर लगेच जायचे असेल, तर अर्ज बारावीच्या दिवाळीपूर्वी झाला पाहिजे. बोर्डाच्या परीक्षेनंतर पाहू म्हटले की एक वर्ष गेलेच. परदेशी विद्यार्थ्याला ध्वनिचित्रमुद्रण पाठवून ऑडिशन देण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. शुल्क मात्र वर्षाला २५,००० पौंडांच्या पुढे जाते, राहणे-खाणे वेगळे, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज हा मुख्य अर्जाइतकाच गांभीर्याने लिहावा.

जर्मनीतील सरकारी संगीत महाविद्यालयांत शिक्षणशुल्क बहुतेक राज्यांत नाममात्र असते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो घेतले जातात, आणि तरीही ते ब्रिटनपेक्षा फार कमी आहे. हे ऐकून पालक लगेच जर्मन भाषेचा वर्ग लावतात. भाषा लागतेच, प्रवेशपरीक्षेत पियानो, स्वरज्ञान आणि थिअरीही लागते, परंतु क्लॅरिनेटसाठी एक मोठी अडचण आहे जी माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील ऑर्केस्ट्रांमध्ये वेगळ्या चाव्यांचे, वेगळ्या आतील पोकळीचे जर्मन पद्धतीचे क्लॅरिनेट वाजवतात. आपली मुलगी वाजवते ते बोम पद्धतीचे असणार, भारतात तेच मिळते. तिथे शिकता येईल, बोम पद्धतीला प्रवेश देणारे प्राध्यापकही आहेत, पण तिथल्या ऑर्केस्ट्रात नोकरी मिळवण्याची आशा असेल तर वाद्यच बदलावे लागेल. फ्लूट किंवा बसून वाजवणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. फ्रान्स, नेदरलँड्स, ब्रिटन आणि अमेरिका इथे बोमच चालते.

देश कोणताही असो, संस्थेला विचारण्याचे प्रश्न तेच. आपल्या वाद्याचे प्राध्यापक कोण, आणि ते स्वतः आठवड्याला किती वेळ शिकवतात की त्यांचे सहायक शिकवतात? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ऑर्केस्ट्रात बसायला मिळते की तिसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते? संस्थेत ओबो आणि बसून वाजवणारे विद्यार्थी किती आहेत? हा शेवटचा प्रश्न क्लॅरिनेटच्या विद्यार्थिनीने विचारणे विचित्र वाटेल, पण जिथे वीस सॅक्सोफोन आणि एकही बसून नाही, तिथे क्विंटेट बनतच नाही, मग अभ्यासक्रमात तो कितीही छापलेला असो. अशा संस्थेत तिला एक चांगला शिक्षक मिळेल, जो मुंबईतही मिळाला असता. लहान गावातली, कमी नावाजलेली, पण वुडविंडचे सगळे गट भरलेली संस्था मी नामांकित पण अपुऱ्या संस्थेच्या वर ठेवीन.

ऑडिशनची पातळी सांगायची तर आठवी ग्रेड उत्तम गुणांनी वाजवता येणे ही साधारण सुरुवातीची रेषा समजावी. परस्परविरोधी स्वभावाच्या दोन रचना, सगळ्या स्केल्स, न पाहिलेले वाचन आणि थोडे संभाषण, असे स्वरूप असते. मोझार्टने १७९१ साली लिहिलेला क्लॅरिनेट कॉन्चेर्टो अनेक जण ऑडिशनला वाजवतात. मी तो पहिल्या प्रयत्नाला सुचवत नाही, कारण परीक्षकांनी तो इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातली प्रत्येक असमान जोड त्यांना दिसते. क्लॅरिनेटवर मधल्या ए स्वरावरून वरच्या बी स्वरावर जाताना जवळजवळ सगळी बोटे उघडी असतात ती एकदम सगळी झाकावी लागतात. हे क्लॅरिनेटवरचे सर्वात अवघड स्थित्यंतर आहे, आणि तिथे आवाजाचा रंग तुटला की विद्यार्थी कुठवर आला आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळते. यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे : ए वाजवतानाच उजव्या हाताची बोटे आधीच झाकून ठेवायची, म्हणजे पुढच्या स्वराला डाव्या हाताचे काम तेवढे उरते. आठवी ग्रेड ट्रिनिटीची द्यावी की एबीआरएसएमची, याने प्रवेशात फरक पडत नाही. एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडपासून पुढे जाण्यासाठी आधी पाचव्या ग्रेडची थिअरी लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. अट नसली तरी थिअरी करावीच, कारण प्रवेशानंतर पहिल्याच सहामाहीत हार्मनीचा वर्ग असतो आणि तिथे कुणी मागे वळून शिकवत नाही.

वाद्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मुंबईची हवा या विषयात कायम तिसरी व्यक्ती असते. लाकडी क्लॅरिनेट ग्रेनाडिला नावाच्या आफ्रिकी काळ्या लाकडाचे असते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे सांधे फुगून इतके घट्ट होतात की मधला जोड निघत नाही. अशा वेळी जोर लावल्यास चाव्या वाकतात, त्यापेक्षा एसीच्या खोलीत तासभर ठेवून मग हलकेच फिरवावे. पॅड (चाव्यांखालच्या छिद्रे झाकणाऱ्या गाद्या) फुगतात, रीडना (माउथपीसवरच्या वेताच्या पातळ पट्ट्यांना) डब्यात बुरशी धरते. वाजवून झाल्यावर आतून कापड ओढणे, रीड पुसून उघड्यावर सुकवणे, चार रीड आळीपाळीने वापरणे हे दात घासण्याइतके सवयीचे व्हावे. छिद्रात पाणी साचून एखादा स्वर गुरगुरू लागला, तर सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली धरून चावी दोन-तीनदा दाबावी. याच्या उलट परिस्थिती परदेशात येते. मुंबईच्या दमट हवेत मुरलेले लाकडी क्लॅरिनेट जानेवारीत हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत गेले की लाकूड आकसते आणि वरच्या भागाला तडा जाण्याची भीती असते. म्हणून तिच्याकडे आता प्लॅस्टिकचे वाद्य असेल तर घाईने महागडे लाकडी वाद्य इथे घेऊन देऊ नये. प्रवेश निश्चित झाल्यावर तिथल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली बी फ्लॅट आणि ए अशी जोडी घ्यावी आणि पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटेच वाजवून ते मुरवावे. तोवरचे पैसे चांगल्या माउथपीसवर आणि रीडवर खर्च झाले तर आवाजात अधिक फरक पडेल.

तापमानाचाही विचार करावा. हवा एक अंशाने तापली की फुंकवाद्याचा सूर सुमारे ३ सेंट चढतो. एसीच्या हॉलमध्ये मिळवलेले क्लॅरिनेट लग्नाच्या मांडवात त्याच सुरात राहत नाही, आणि त्याच वेळी शेजारच्या व्हायोलिनच्या तारा उष्णतेने उतरत असतात. ध्वनिमुद्रण करताना खोलीतला एसी आधीपासून चालू ठेवावा, मध्येच सुरू करू नये.

बासरी सोडावी का, तर नाही. बासरी आणि पाश्चात्त्य फ्लूट एकत्र शिकणाऱ्याला ओठांच्या बाबतीत घोटाळा होतो, कारण दोन्हींत फुंकेची जागा जवळजवळ सारखी पण कोन वेगळा असतो. क्लॅरिनेटमध्ये माउथपीस तोंडात असल्यामुळे ती अडचण उद्भवत नाही. बोटांची मात्र काळजी घ्यावी. पन्नालाल घोषांनी मैफलीसाठी रूढ केलेल्या मोठ्या बासरीची छिद्रे दूरदूर असतात आणि ती बोटांच्या मधल्या पेरांनी झाकावी लागतात. क्लॅरिनेटवर पेरांच्या टोकाची गादी लागते. बासरीनंतर लगेच क्लॅरिनेट उचलले की बोटे सपाट पडतात आणि चावी चुकून दाबली जाते. मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा किंवा क्लॅरिनेट सकाळी आणि बासरी संध्याकाळी ठेवावी. पुढे बासरीच मुख्य करावीशी वाटली, तर रॉटरडॅमच्या कोडार्ट्स या कला महाविद्यालयात भारतीय संगीताचा विभाग आहे आणि तिथे बासरी शिकवली जाते, हेही माहीत असावे.

पोटापाण्याचे उत्तर मी गोड करून सांगणार नाही. जगभरात ऑर्केस्ट्रातल्या क्लॅरिनेटच्या जागा मुळातच दोन-तीन असतात आणि एकदा भरली की ती वर्षानुवर्षे रिकामी होत नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियामध्येही अनेक वादक परदेशातून येतात. वुडविंडमध्ये भारतीय वादक तयार झाले तर तिथे संधी आहे, पण त्या एका जागेवर आयुष्य उभे करू नये. मुंबईत पूर्वी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये मोठा वाद्यवृंद असे, आणि त्यात गोव्याच्या वादकांसह शंभरेक घरे चालत, असे जुने लोक सांगतात. सॅक्सोफोनसाठी नाव झालेले मनोहारी सिंग फ्लूट आणि क्लॅरिनेटही वाजवत. एका वाद्यावर न थांबण्याची ती रीत आजही उपयोगाची आहे. सिंथेसायझर आल्यावर क्लॅरिनेटचे काम खूप घटले, बासरीचे त्या मानाने टिकले. आज माझ्या ओळखीच्या बहुतेक वुडविंड वादकांचे नियमित उत्पन्न आंतरराष्ट्रीय शाळांतून आणि शिकवण्यांतून येते, आणि कार्यक्रम व रेकॉर्डिंग त्यावरची भर असते. शिकवण्याची आवड नसेल तर हा मार्ग कठीण आहे. महाविद्यालयात सॅक्सोफोन हे दुसरे वाद्य म्हणून घ्यावे. बोटांची पद्धत क्लॅरिनेटच्या वरच्या सप्तकासारखीच असल्यामुळे हात लवकर बसतो आणि मुंबईत त्याला मागणी आहे.

येत्या वर्षभरात तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. आठवड्यातून एकदा तरी तिने कुणाबरोबर तरी वाजवावे; वांद्र्याच्या एखाद्या चर्चचा वाद्यवृंद चालेल, शाळेचा जुना बँड चालेल, नाही तर दोन क्लॅरिनेटच्या जोडरचना शिक्षकाबरोबर वाजवाव्यात. पियानोचा वर्ग लावावा, पाचव्या ग्रेडपर्यंत नव्हे, तर कॉर्ड्स हाताखाली येतील एवढा. आणि मे महिन्याच्या सुट्टीत ऑडिशनच्या रचना साथीदारासह एका टेकमध्ये, न तोडता, मोबाइलवर का होईना, ध्वनिचित्रमुद्रित कराव्यात. मोबाइल उभा न धरता आडवा ठेवावा, वादकापासून निदान सहा-सात फुटांवर, बोटे आणि चेहरा दोन्ही दिसतील असा. क्लॅरिनेटच्या तोंडाशी माइक धरला की चाव्यांचा खटखटाट आवाजापेक्षा मोठा येतो. ते मुद्रण पाहिल्यावर ऑक्टोबरला अर्ज करायचा की वर्षभर थांबायचे, हे तिच्या शिक्षकांना सांगता येईल.